आमरीची सावली

पुष्कळ पिढ्यांमागची गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी ऐकली तरी चालेल.

डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं. तिथल्या राजाची आई फार थकली होती. पायांत बळ उरलं नव्हतं. दिवसभर खिडकीपाशी बसून ती लांबच्या रानाकडे बघायची. एके दिवशी ती राजाला म्हणाली, "लहानपणी मी रानात पांढरी आमरी फुललेली पाहिली होती. झाडाच्या अंगावर वाढते, मातीला शिवत नाही. पुन्हा एकदा बघावी असं फार वाटतं. मला काही चालवणार नाही. तिचं चित्र तरी आणवून दे."

राजानं दरबारच्या चिताऱ्याला बोलावलं. चितारी हाताचा गुणी होता, माणूसही बरा होता. फक्त त्याला धीर थोडा. "वसंत सरायच्या आत चित्र आण," राजा म्हणाला, आणि चितारी कागद, रंग घेऊन रानात शिरला.

चार दिवस तो फिरला. टाचांना फोड आले, पण आमरी काही दिसेना. पाचव्या दिवशी त्याला मध काढणारी एक बाई भेटली. तिच्या खांद्यावर दोर होता, कमरेला कोयती.

"काय हरवलं, दादा?"

"आमरी शोधतोय. राजाच्या म्हाताऱ्या आईसाठी पांढरीचं चित्र काढायचंय."

"मग खाली काय बघता? ती काय गवतात पडलेली सुई आहे? मान वर करा की."

चिताऱ्यानं मान वर केली. बाई बोटानं दाखवत गेली. ही जांभळी, ही पिवळसर, ही अजून कळीत आहे. ज्या फांद्यांखालून तो चार दिवस गेला होता, त्यांच्यावरच सगळ्या बसल्या होत्या. त्याला हसू आलं आणि लाजही वाटली.

"आणि पांढरी?"

बाईनं खांद्यावरचा दोर सारखा केला. मग म्हणाली, "ती एकच उरलीये. म्हातारीसाठी म्हणता म्हणून दाखवते."

ओढ्याच्या वरच्या अंगाला एक जुना हिरडा होता. त्याच्या बेचक्यात पांढरी आमरी फुलली होती. पण तिच्यावर पानांनी गच्च भरलेली एक फांदी आडवी आली होती. अर्धं फूल झाकलेलं, उरलेलं अंधारात.

"नीट दिसत नाही," चितारी म्हणाला.

"दुपार कलली की ऊन तिरपं येतं. गाईची धार काढून होईस्तोवर राहतं. तेवढ्यात दिसतं."

"तेवढ्यात काय होणार? अशानं चित्राला आठ दिवस लागतील."

"मग बसा आठ दिवस. ती कुठं पळून जातेय?"

"आणि तोवर पाकळ्या झडल्या तर?"

"उरतील तेवढ्या काढा."

चितारी दोन दिवस बसला. तिसऱ्या दिवशी बाई दोर आणि कोयती झाडापाशी ठेवून ओढ्यावर पाण्याला गेली. चितारी फुलाकडे बघत होता. एक पाकळी गळून त्याच्या कागदावर पडली. त्यानं कोयती उचलली, झाडावर चढला आणि आडवी फांदी तोडून टाकली.

लख्ख उजेड पडला. चिताऱ्याचा हात असा चालला, की आयुष्यात तसा कधी चालला नव्हता.

बाई परत आली. तिनं आधी खाली पडलेली फांदी बघितली, मग वर बघितलं.

"फांदी मध्ये येत होती," चितारी म्हणाला.

"तुमच्या मध्ये येत होती. तिच्या नाही." एवढं बोलून बाईनं कोयती घेतली आणि ती निघून गेली.

चित्र बघून राजाच्या आईचे डोळे भरून आले. पण मन निवायचं सोडून उलट ओढ वाढली. "आहे अजून," ती म्हणाली. "पुढच्या वसंतात मला तिथं न्या. पालखीत घालून न्या. मग माझं काही मागणं नाही."

वर्षभर ती त्याच आशेवर जगली. वसंत आला तशी पालखी निघाली, आणि वाट दाखवायला चितारी पुढे चालू लागला.

हिरडा तिथंच होता. बेचक्यात आमरी नव्हती. वाळक्या, काळपट काड्या चिकटून होत्या. त्यांच्यावर दोरांनी ताणून बांधलेल्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या लोंबत होत्या.

झाडाखाली मधवाली बसली होती. चिताऱ्यानं विचारलं, "हे लुगडं?"

"माझं. वैशाखात बांधलं. रोज वर चढून भिजवत होते. वाऱ्यानं फाडलं, पुन्हा बांधलं. पण पानांची सावली ती पानांची. कापडाला ती कुठून येणार?"

पालखीतून राजाच्या आईनं विचारलं, "काय झालं रे हिला?"

चिताऱ्याला सांगता आलं असतं, की उन्हाळा कडक होता. ते खोटंही नव्हतं. पण त्या चिंध्यांकडे बघून त्याला ते बोलवेना.

"मी सावली तोडली, आईसाहेब. चित्र चांगलं यावं म्हणून."

मग म्हातारी म्हणाली, "त्या चित्रात फांदी काढ."

"फूल झाकलं जाईल."

"जाऊ दे. ती तशीच होती ना?"

चिताऱ्यानं घरी येऊन चित्रात फांदी काढली. एकेक पान रंगवताना त्याच्याच हातानं काढलेली सगळ्यात सुंदर पाकळी झाकली गेली. चित्र म्हातारीच्या खिडकीशी लागलं. पुढचा वसंत काही तिनं पाहिला नाही. पांढरी आमरी त्या रानात पुन्हा कुणाला दिसली नाही.

चितारी मात्र दर वसंतात रानात जात राहिला. ऊन आपलं आपण येईपर्यंत तो मांडी घालून बसायचा, आणि दिसेल तेवढंच काढायचा. त्याची पुष्कळ चित्रं अर्धीच राहिली. ती तो तशीच घेऊन घरी यायचा.

म्हणून सुंदर गोष्ट बघायला गेलो, तर आपण जागा बदलावी, तिची सावली हलवू नये.