शिंगं असलेला माणूस

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा रानातल्या पोरांचीसुद्धा शाळा भरायची.

ही शाळा भरायची एका मोठ्या काळ्या खडकासमोर. त्या खडकावर माणसाचं चित्र होतं. पोरांनी माणूस ओळखावा आणि तो दिसताच पळ काढावा, एवढ्यासाठी कुणा जुन्या वानरानं ते गेरूनं काढलं होतं. हेतू चांगलाच होता. पण पुढे जो तो गुरुजी त्यात आपली भर घालू लागला. एकानं माणसाला सुळे दिले. दुसऱ्यानं शिंगं लावली. तिसऱ्यानं डोळ्यांतून जाळ काढला. प्रत्यक्ष माणूस एकदा बघून यावा, असं मात्र एकाच्याही मनात आलं नाही. कशाला येईल? चित्र बघून पोरं किंचाळायची, आणि जितकी मोठी किंकाळी तितके गुरुजी थोर, असं तिथे मानलं जायचं.

त्या रानात एक हरिणी राहायची. तिचं थोरलं पाडस शाळेत सगळ्यांत हुशार. "माणूस कशावरून ओळखायचा?" असं गुरुजींनी विचारलं, की "शिंगांवरून!" हे उत्तर सगळ्यांच्या आधी त्याच्याकडून यायचं.

एकदा मोहाच्या झाडाखाली त्याला एक अनोळखी प्राणी भेटला. दोन पायांवर उभा, तोंडभर हसू, आणि पुढे केलेल्या तळहातावर भिजवलेले हरभरे. पाडस थबकलं. ओढ्यापलीकडे आई चरत होती. त्यानं तिला हाक मारली, "आई, याला शिंगं नाहीत गं! जाऊ का?"

हरिणीनं मान वर करून पाहिलं. तीही त्याच शाळेत शिकली होती. शिंगं नाहीत, सुळे नाहीत, डोळ्यांत जाळ नाही.

"जा," ती म्हणाली. "पण थोडेच खा हं. पोट दुखेल."

पाडस जवळ गेलं. त्या प्राण्यानं पाठीमागे धरलेला दुसरा हात पुढे आणला. त्या हातात जाळं होतं.

हरिणी ओढा ओलांडून येईपर्यंत झाडाखाली सांडलेले हरभरे तेवढे उरले होते.

ती रडली, आणि रडून झाल्यावर तिला राग आला. इतका, की गवताचा घास गिळवेना. 'जा' म्हणणारी आपणच, हे तिला विसरता येत नव्हतं. आणि 'जा' म्हणायला आपल्याला कुणी शिकवलं, हेही ती विसरणार नव्हती. ती तडक शाळेत गेली.

"गुरुजी, तुमचं चित्र चुकलंय. माणसाला शिंगं नसतात. माझ्या लेकराला माणसानं नेलं."

वानरगुरुजींनी आधी सावकाश काख खाजवली. "शिंगं नव्हती म्हणतेस? मग तो माणूस नव्हताच."

"अहो, जाळं टाकलं त्यानं!"

"टाकलं असेल. पण माणूस नव्हता. माणूस कसा असतो ते हे इथे समोर आहे." गुरुजींनी खडकाकडे बोट केलं. "आमच्या पणजोबांच्या हातचं काम आहे हे. त्यात खोट काढणारी तू कोण?"

आता काय म्हणावं याला! बाईचं पोर गेलं, आणि हा म्हणतो की नेणाराच खोटा. चित्र खरं, माणूस खोटा! ऐकणाऱ्याचंही डोकं फिरावं असं ते बोलणं, पण जमलेली मंडळी माना डोलवत राहिली.

"माझी धाकटी हे चित्र शिकणार नाही," हरिणी म्हणाली आणि निघाली.

ती गेली थेट रानाच्या कडेला. तिथल्या झुडपात लपून ती माणसं बघू लागली. मग नदीकाठच्या वाळूवर खुराच्या टोकानं तिनं माणूस काढला. पण काय झालं होतं ते! गुडघे मागे वळलेले, हातांच्या टोकाला खूर. माणूस कसला, उभं केलेलं हरीण होतं ते. हरिणी स्वतःवरच चिडली. तीही न बघताच काढत होती, आपलंच अंग आठवून! तिनं पायानं वाळू सारखी केली आणि पुन्हा झुडपात जाऊन बसली.

बघितलं, काढलं, पुसलं, पुन्हा बघितलं. हळूहळू गुडघे पुढे वाकू लागले. बोटं आली, अंगठा वेगळा झाला. उभं राहताना माणूस एका पायावर भार टाकतो, हे ध्यानात आलं. मोहाची फुलं वेचणारी बाई दोन्ही खांदे सारखे पुढे झुकवते, तिच्या मनात काही नसतं. पण हात पाठीमागे धरून काही लपवणाऱ्या माणसाचा तो खांदा मागे गेलेला असतो. हसू कितीही गोड असो, खांदा लपत नाही. त्या दिवशी तिनं काढलेला माणूस बघून तिच्याच अंगावर काटा आला.

तिनं पोरांना नदीकाठी बोलावलं. चित्र बघून पोरं खो खो हसली. "हा तर हसतोय! याला काय भ्यायचं?"

गुरुजींना तेवढंच हवं होतं. "बघा, बघा! पोरं हसतात असल्या चित्राला!" ते म्हणाले. झालं, सगळ्या आया आपापली पोरं घेऊन खडकाकडे परतल्या. वाळूवर उरली एकटी धाकटी. हरिणीनं तिच्याकडून रोज तो खांदा वाळूवर गिरवून घेतला.

मोहाची फुलं पुन्हा गळू लागली. एके सकाळी खडकासमोर शाळा भरली होती. धाकटी लांब, मैत्रिणींची वाट बघत उभी होती. तेवढ्यात झाडीतून तोच हसरा प्राणी आला. तळहातावर हरभरे.

गुरुजींनी खडकाकडे पाहिलं, पाहुण्याकडे पाहिलं. "भिऊ नका रे," ते म्हणाले. "याला शिंगं नाहीत."

धाकटीनं मात्र हरभऱ्यांकडे पाहिलंच नाही. तिनं खांदा पाहिला. "पळा!" ती जिवाच्या आकांतानं ओरडली. "त्याचा दुसरा हात बघा! पळा!"

तिचा तो आवाज ऐकून पोरं उधळली. ससे झुडपात, डुकराची पिल्लं ओढ्यात, एकही मागे राहिलं नाही.

"बसा खाली!" गुरुजी कडाडले. "शिकवतंय कोण, मी की ती?" आणि पोरांना दाखवायला म्हणून त्यांनी स्वतःच हात पुढे करून हरभरे उचलले. दोर गळ्यात पडला तेव्हाही ते खडकाकडेच बोट दाखवत होते.

पुढे ते गावोगावच्या बाजारात डमरूवर नाचताना दिसत. दोर धरणाऱ्याकडे बघून ते अजून म्हणतात म्हणे, "हा माणूस नव्हे."

रानातली शाळा आता नदीकाठी भरते. दर पावसाळ्यात पूर येतो आणि चित्र वाहून जातं. म्हणून दरवर्षी कुणाला तरी रानाच्या कडेला जाऊन माणूस नव्यानं बघावा लागतो आणि नव्यानं काढावा लागतो. चित्र दरवर्षी आदल्या वर्षीपेक्षा चांगलं होतं. थोरलं पाडस काही परत आलं नाही. पाठीमागचा तो हात काढताना हरिणीचा खूर अजूनही वाळूत खोल रुततो.

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: ज्याचं चित्र काढायचं त्याच्याकडे न बघता जो जुन्याच चित्रावर रंग चढवतो, त्याच्या चुकीची किंमत आधी दुसऱ्यांची लेकरं मोजतात.