मायाक्काचा चष्मा आणि पाच मेंढ्या

माळरानाच्या कडेला वसलेल्या एका गावात धुळाप्पा नावाचा मेंढपाळ राहत होता. त्याच्याकडे साठेक मेंढ्या होत्या आणि मायाक्का नावाची एकुलती एक मुलगी होती.

मायाक्काचे डोळे लहानपणापासून अधू होते. ती चौथीत असताना शाळेत डॉक्टर आले. त्यांनी मुलांचे डोळे तपासले आणि मायाक्काला जाड काचांचा चष्मा दिला. तो लावून ती पहिल्यांदा माळावर गेली, तेव्हा पलीकडच्या टेकाडावरची मेंढरं तिला एकेक वेगळी दिसली. त्याआधी सगळा कळप तिला जमिनीवर पसरलेल्या काळ्या घोंगडीसारखा दिसायचा.

तेव्हापासून तिला मेंढरं न्याहाळण्याचा नादच लागला. कोणती रवंथ करत नाही, कोणती मागे राहते, कोणती कान पाडून उभी आहे, हे ती बापाच्या आधी सांगू लागली. एका वर्षी रोग आला आणि आठ दिवसांत अकरा मेंढ्या दगावल्या. जनावरांचा डॉक्टर तालुक्याहून आला तो नवव्या दिवशी. बाराव्या मेंढीला त्याने सुई टोचली आणि ती जगली. मायाक्का ते बघत उभी होती. आपण जनावरांचं डॉक्टर व्हायचं, हे तिने तिथेच ठरवलं.

जिल्ह्याच्या गावी जनावरांच्या डॉक्टरकीचं एक विद्यालय होतं. जागा वीसच. आधी लेखी परीक्षा, मग मुलाखत. मायाक्का रात्रंदिवस अभ्यास करून लेखी परीक्षा पास झाली. मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला. पण आईने एक गोष्ट आधीच बोलून ठेवली होती. यंदा नंबर लागला नाही, तर पुढच्या उन्हाळ्यात मायाक्काचं लग्न. आईचाही नाइलाज होता, भावकीला तिने तसा शब्द दिला होता. त्यामुळे ही एकच संधी होती.

पत्राची बातमी कळताच म्हस्कूमामा आला. मामा तालुक्याच्या कचेरीत कारकून होता. घरात जगाची रीत त्यालाच ठाऊक, असं सगळे मानत. त्याने भाचीकडे बघितलं आणि मान हलवली.

"हा चष्मा घालून जाऊ नकोस," तो म्हणाला. "जनावरांच्या डॉक्टरला दमदार माणूस लागतो. बैल पाडायचा, म्हशीला धरायचं. तुझ्या या जाड भिंगांकडं बघितलं की साहेब लोक म्हणतील, ही काय जनावर सांभाळणार, हिलाच कुणीतरी सांभाळायला पायजे."

शाळेचे गुरवमास्तर तिथेच बसले होते. ते म्हणाले, "मला उलट वाटतं. चष्म्याने मुलगी अभ्यासू दिसते. साहेबांवर छाप पडेल."

दोघांचा बराच वेळ वाद झाला. मायाक्का कधी मामाकडे बघे, कधी मास्तरांकडे. शेवटी तिने बापाला विचारलं, "दादा, तुम्हाला काय वाटतं?"

धुळाप्पा म्हणाला, "मेंढरू घेताना मी त्याचं दात बघतो. माणूस घेताना काय बघत्यात, मला ठावं न्हाई, पोरी."

त्यामुळे मामाचंच म्हणणं मान्य झालं.

मुलाखतीच्या दिवशी बापलेक सकाळच्या एसटीने जिल्ह्याला गेले. विद्यालयाच्या आवारात पोहोचल्यावर धुळाप्पा पायऱ्यांपाशी बसला. आत जाण्याआधी मायाक्काने चष्मा काढला, पुसला आणि पिशवीत वह्यांच्या मध्ये ठेवला. समोरचं सगळं जग विरघळल्यासारखं झालं. भिंतीला हात लावत ती ओसरीतून चालत गेली. नावाचा पुकारा झाल्यावर तिने दार ढकललं.

आत लांबट टेबल होतं. त्यापलीकडे दोन माणसं बसली आहेत, एवढं तिला कळलं. तिने हात जोडले, खुर्ची चाचपली आणि बसली. समोरचे चेहरे नीट दिसावेत म्हणून तिने डोळे बारीक केले. कपाळाला आठ्या पडल्या.

मधे बसलेले प्राचार्य घारपुरे प्रश्न विचारू लागले. शेळीच्या गाभणपणाचे महिने किती, गाईच्या पोटाचे भाग कोणते, लस कधी टोचायची. मायाक्काला सगळं येत होतं आणि तिने सगळं बरोबर सांगितलं. तरी खोलीत काहीतरी बिनसलं आहे, असं तिला वाटत राहिलं. प्राचार्यांचा आवाज कोरडा होता. शेजारचे गृहस्थ कागदावर काहीतरी लिहीत होते. पेनाची कुरकुर तिला ऐकू येत होती.

थोड्या वेळाने प्राचार्य म्हणाले, "खिडकीपाशी जा. समोर कुंपणात पाच मेंढ्या आहेत. त्यातली एक आजारी आहे. कोणती ते सांग."

मायाक्का उठली आणि खिडकीपाशी गेली. पिवळ्या मातीवर तिला पाच काळे ठिपके दिसत होते. चार एकमेकांना चिकटून होते, एक जरा बाजूला होता. याहून अधिक तिला काहीच दिसत नव्हतं. पिशवीतून चष्मा बाहेर काढावा का, असं तिच्या मनात आलं. पण तो आता काढला तर आधी लपवला होता, हेही कळणार. मामाचे शब्द कानात घुमले.

आजारी मेंढी कळपापासून दूर होते, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तिने अंदाजाने बोट दाखवलं.

"ती. बाजूला उभी आहे ती."

"बरोबर," प्राचार्य म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "आतापर्यंत सहा मुलं आली, चौघांना ओळखता आली नाही. नजर चांगली आहे तुझी."

शेजारच्या गृहस्थांनी कागदावर आकडा लिहिला.

मायाक्का खिडकीपाशीच उभी राहिली. आता काही बोलायची गरज नव्हती. गप्प राहिली तर गुण तिचेच होते. वीस जागांतली एक आपल्याला मिळणार, असं तिला आत शिरल्यापासून पहिल्यांदाच वाटलं होतं. पण साहेबांनी ज्या गोष्टीची शाबासकी दिली, ती गोष्ट आपल्यापाशी नाही, हे तिला टोचत राहिलं. उद्या आपण खरंच डॉक्टर झालो, कुणाची मेंढी समोर आली, तेव्हाही असाच अंदाज करायचा का? आणि तो चुकला तर?

ती वळली.

"सर, माझी नजर चांगली नाही," ती म्हणाली. "मला फक्त पाच ठिपके दिसले. एक बाजूला होता म्हणून मी बोट दाखवलं. आजारी मेंढी बाजूला होते, एवढंच मला ठाऊक आहे. तिला काय झालंय ते मला दिसलं नाही. माझा चष्मा पिशवीत आहे. तो लावला तर रुबाब पडणार नाही, असं घरी म्हणाले, म्हणून काढून ठेवला. हे गुण माझे नाहीत, सर."

मग डाव्या बाजूच्या कोपऱ्यातून एका बाईंचा आवाज आला.

"म्हणजे मी इथे बसले आहे, हे तुला दिसलंच नाही?"

मायाक्का दचकली. कोपऱ्यात कुणी आहे, याचा तिला पत्ताच नव्हता. तिने गडबडीने पिशवीत हात घातला आणि चष्मा डोळ्यांवर चढवला. कोपऱ्यातल्या खुर्चीत पांढऱ्या केसांच्या, निळ्या लुगड्यातल्या बाई बसल्या होत्या. त्या डॉक्टर काळसेकर. सगळं विद्यालय त्यांना बाई म्हणत असे.

"नाही दिसलं, बाई. माफ करा."

"तू आत आलीस तेव्हा मी तुला हात जोडून नमस्कार केला होता," बाई म्हणाल्या. "तू ढुंकून पाहिलं नाहीस. मला वाटलं, मुलगी शिष्ट आहे. मोठ्यांना मान द्यायचा, तो फक्त मधल्या खुर्चीला."

"आणि मला वाटलं, रागीट आहे," प्राचार्य म्हणाले. "सारख्या कपाळाला आठ्या. गरीब माणूस आजारी जनावर घेऊन दारात आला आणि डॉक्टरने असं तोंड केलं, तर तो परत येईल का?"

मायाक्काला रडू येईल असं वाटलं. पण तिने ते आवरलं.

"चष्म्यामुळे तुमचं मत वाईट होईल, असं मला वाटलं होतं, सर."

"चष्मा तर माझ्याही नाकावर आहे," प्राचार्य म्हणाले. तिने पाहिलं, खरंच होता. तेही तिला आधी दिसलं नव्हतं. "पण आता चष्मा आहे ना डोळ्यांवर? मग पुन्हा जा खिडकीपाशी आणि काय दिसतंय ते सांग."

मायाक्का गेली. या वेळी तिने घाई केली नाही. पाचही मेंढ्यांवर तिने एकेक करून नजर फिरवली.

"बाजूची ती पुढचे गुडघे जमिनीला टेकून चारा खाते आहे," ती म्हणाली. "पुढच्या खुरात दुखत असणार. उजव्या खुरात असावं, कारण उठताना तिने ते आधी टेकवलं नाही. पण जवळ जाऊन हातात घेतल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही."

"चल, जवळ जाऊ," काळसेकरबाई उठल्या.

दोघी कुंपणात गेल्या. मायाक्काने ओढणी कमरेला खोचली, मेंढीला मांडीच्या आधाराने बसवलं आणि उजवं खूर उचललं. चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला. तो तिने दंडाने मागे सारला आणि खुरांच्या बेचक्यात वाकून बघितलं. कातडी पांढरी पडून सुटली होती. तिने वास घेतला.

"सडलंय, बाई. चिखलात उभी राहिल्यामुळे झालं असेल. हे साफ करून औषध लावायला हवं आणि हिला कोरड्या जागी बांधायला हवं. बाकीच्या चौघींची खुरंही बघायला हवीत. हे एकीचं दुसरीला होतं."

बाईंनी दुसरी मेंढी धरली आणि मायाक्कापुढे आणली. मायाक्काने चारही मेंढ्यांची खुरं तपासली. त्यातल्या एकीला नुकती सुरुवात झाली होती. ती विद्यालयात अजून कुणाच्याच ध्यानात आली नव्हती.

परत खोलीत आल्यावर प्राचार्यांनी तिला सरळ सांगितलं, "पहिल्या भागाचे गुण आम्ही मघाशीच देऊन टाकलेत. तुझं वागणं बघून ते कमी दिले आणि ते आता बदलता येणार नाहीत. सगळ्यांना एकच नियम. अंदाजाने दाखवलेल्या मेंढीचे गुण खोडतो, पण चष्मा लावल्यावर तू जे केलंस, त्याचे गुण देऊ."

"हो, सर," मायाक्का म्हणाली. त्यांनी जे सांगितलं ते तिला रास्त वाटलं.

पंधरा दिवसांनी यादी लागली. वीस जणांत मायाक्काचं नाव नव्हतं. खाली प्रतीक्षायादी होती. तिच्यात ती दुसरी होती. म्हस्कूमामा म्हणाला, "खरं बोलायची काय गरज होती? शाबासकी मिळाली होती, घ्यायची." मायाक्काने त्याला उलट उत्तर दिलं नाही. तिला वाईट वाटत होतं, पण पस्तावा होत नव्हता. ती रोज मेंढरं घेऊन माळावर जाऊ लागली. आईने लग्नासाठी पाहुण्यांना निरोप धाडायचं मात्र थोडं लांबवलं.

अकराव्या दिवशी दुपारी धुळाप्पा भर उन्हात माळावर येताना तिला दिसला. त्याच्या हातात लिफाफा होता. त्याला वाचता येत नव्हतं आणि वाटेत कुणाकडून वाचून घ्यायचा त्याला धीर झाला नव्हता. मायाक्काने लिफाफा फोडला. दोन मुलांना दुसरीकडे प्रवेश मिळाला होता. त्यांच्या जागा रिकाम्या झाल्या होत्या. पत्राखाली प्राचार्यांची सही होती आणि तिच्याखाली काळसेकरबाईंनी दोन ओळी लिहिल्या होत्या: "पाचही मेंढ्या बऱ्या आहेत. सोमवारी ये."

"काय लिवलंय?" धुळाप्पाने विचारलं.

"नंबर लागला, दादा."

धुळाप्पाने तिच्या हातातली काठी आपल्या हातात घेतली.

"मेंढरं मी आणतो," तो म्हणाला. "तू घरी जा आणि पेटी भरायला घे."

तात्पर्य: आपण लोकांना कसे दिसू या धास्तीने, आपल्याला ज्याने दिसतं तेच लपवून ठेवू नये. उणीव कबूल केल्याने गेलेले गुण पुन्हा मिळवता येतात, पण फसवून घेतलेली शाबासकी कधीच आपली होत नाही.