रेडिएटरमधली हळद

एकदा एका डोंगराळ तालुक्याच्या दवाखान्यात एक वृद्ध चालक होते, आणि त्यांच्या हाताखाली काम शिकायला आलेली एक तरुणी होती. वृद्धांना सगळे उस्ताद म्हणत. त्यांना पांढरी दाढी नव्हती, ते वडाखाली बसत नसत आणि उपदेश तर कधीच करत नसत. एकतीस वर्षे ते रुग्णांना, औषधांच्या पेट्यांना, रक्ताच्या पिशव्यांना घाट उतरवून जिल्ह्याच्या ठिकाणी नेत आणि परत आणत होते. त्यांतली शेवटची अकरा वर्षे एकाच गाडीतून, जी केव्हाच भंगारात जायला हवी होती.

ती गाडी चालत होती ती केवळ उस्तादांच्या विद्येवर. तिच्या रेडिएटरला बारीक भोके पडली होती. उस्ताद रोज सकाळी त्यात मूठभर हळद टाकत. हळद फुगून भोकांत बसे आणि पाणी टिके. मागचे दार लागत नसे, म्हणून ते दोरीने अशा गाठीत बांधत की घाटात सुटू नये आणि दवाखान्याच्या दारात एका हिसक्यात सुटावी. ऑक्सिजनच्या सिलिंडरखाली बाभळीची पाचर होती. तिसरा गिअर निसटू नये म्हणून त्याला गुडघ्याचा टेकू द्यावा लागे.

दरवर्षी झेंडावंदनानंतर उस्तादांचा शाल आणि नारळ देऊन सत्कार होई. "अशी निष्ठावान माणसे आहेत म्हणून आरोग्यसेवा टिकून आहे," असे अधीक्षक म्हणत, आणि लोक टाळ्या वाजवत. अकरा वर्षांत अकरा शाली जमल्या. गाडीत ब्लँकेट नव्हतेच. थंडीने कुडकुडणाऱ्या रुग्णांच्या अंगावर उस्ताद त्या शाली घालत. दवाखान्याने शाली दिल्या. रेडिएटर दिला नाही.

शिष्या पदवीधर होती, चालकाच्या परीक्षेत पहिली आली होती आणि स्वभावाने तापट होती. महिनाअखेर उस्ताद निवृत्त होणार आणि गाडी तिच्या हाती येणार, हे ठरलेले होते. ती रोज विचारी, "उस्ताद, हळद किती टाकायची? पाणी आधी की हळद आधी? मला दाखवा."

"ते तू शिकू नको."

"का?"

"सांगीन पुढं."

"पुढं! घरी आई म्हणते पुढं, इथं तुम्ही म्हणता पुढं. महिनाअखेर तुम्ही नसणार. मग मी काय गाडीची पूजा घालू?"

उस्ताद हसत आणि तिच्याकडे पाठ करून बॉनेट उघडत. ती परिचारिकांना सांगे, "म्हातारी माणसं विद्या छातीशी धरून मरतात, पण दुसऱ्याला देत नाहीत."

गाडीच्या दुरुस्तीसाठी तिने अधीक्षकांकडे तीन अर्ज केले होते. तिसऱ्या वेळी अधीक्षकांनी तिच्यापुढे गाडीचे लॉगबुक टाकले. प्रत्येक पानावर, प्रत्येक तारखेपुढे, उस्तादांच्या टपोऱ्या अक्षरात एकच शेरा होता : गाडी सुस्थितीत.

"एकतीस वर्षांचा अनुभवी माणूस लिहितो सुस्थितीत," अधीक्षक म्हणाले. "तुला काय जास्त कळतं?"

ती तशीच उस्तादांकडे गेली. "हे काय लिहिता रोज?"

"गाडी पोचते ना, पोरी?"

"पोचते म्हणजे सुस्थितीत?"

उस्ताद दाराच्या दोरीची गाठ आवळू लागले.

आणि हे सारे चालू असताना दवाखान्याच्या पोर्चमध्ये एक कोरी करकरीत रुग्णवाहिका ताडपत्रीखाली बेचाळीस दिवस उभी होती. तिचे लोकार्पण व्हायचे होते. ज्या पुढाऱ्याच्या हस्ते ते व्हायचे, त्याची तारीख मिळत नव्हती. एकदा मिळाली तर त्या दिवशी अमावास्या निघाली. तिच्या टायरांना घाटातला खडा लागला नव्हता, पण आरशाला हार घातलेला होता आणि तो वाळून गेला होता. दारावर लाल फीत बांधून तयार होती. सगळे होते. एका माणसाला सवड नव्हती.

त्या तालुक्यात धुरपदाबाई नावाची एक शिवणकाम करणारी बाई होती. तिची मूत्रपिंडे निकामी झाली होती. सोमवारी आणि गुरुवारी तिला जिल्ह्याच्या ठिकाणी डायलिसिसला न्यावे लागे. चार तास यंत्रावर रक्त शुद्ध झाले तर पुढचे तीन-चार दिवस बरे जात. एक खेप चुकली की अंगावर सूज येई, दुसरी चुकली की श्वास कोंडे. तिचे जगणे असे खेपेखेपेने चालले होते, आणि प्रत्येक खेप मूठभर हळदीवर अवलंबून होती.

एका सोमवारी भर उन्हात, घाटाच्या मध्यावर गाडी तापली. बॉनेटमधून वाफ आली आणि हळदीचे पिवळे पाणी रस्त्यावरून ओघळू लागले. शिष्या कॅन घेऊन झऱ्यावर पळाली. परत आली तेव्हा धुरपदाबाई किलोमीटरच्या दगडावर बसली होती आणि डोक्यावरची शाल सावरत म्हणत होती, "उस्ताद, वाईट वाटून घिऊ नगा. तुमी हायसा म्हणून आमी हाय."

 उस्ताद रस्त्यावरच्या त्या पिवळ्या ओघळाकडे पाहत राहिले.

दोन तास तिथेच गेले. पोचेपर्यंत यंत्रावरची तिची वेळ उलटून गेली होती. चार तासांऐवजी तिला दोनच तास मिळाले.

बुधवारी गाडीची वार्षिक तपासणी होती. दरवर्षी आदल्या दिवशी उस्ताद गाडीला नवरीसारखे नटवत. यंदा बुधवारी सकाळी शिष्या येऊन पाहते, तो सारे अंगण पिवळे झालेले. उस्तादांनी रेडिएटर रिकामा करून तीनदा धुतला होता. दोरी कापली होती, पाचर काढून टाकली होती. दरवर्षी तपासणीपुरती भाजीच्या टेम्पोवाल्याकडून उसनी आणायची ती स्टेपनीही आणली नव्हती.

"उस्ताद! डोकं फिरलं का तुमचं? आज तपासणी आहे!"

"म्हणूनच," उस्ताद म्हणाले.

तपासनीसाने रेडिएटरमध्ये पाणी ओतायला लावले. ते खालून सरळ त्याच्या बुटांवर आले. त्याने दाराला हात लावला, दार हातात आले. त्याने कागदावर लिहिले, वापरास अयोग्य. मग उस्तादांनी लॉगबुक उघडले आणि त्याच टपोऱ्या अक्षरात लिहिले : गाडी नादुरुस्त. अकरा वर्षांपासून. खाली सही केली.

तपासनीस गेला आणि शिष्येचा संताप उसळला. "उद्या गुरुवार आहे! सोमवारी निम्मंच डायलिसिस झालं तिचं. उद्या तिला पाठुंगळी नेणार का? जायला आठ दिवस राहिले आणि आता तुम्हाला खरं बोलायचं सुचलं? तुम्ही मोठी माणसं सगळी सारखीच. जन्मभर झाकायचं, आणि जाताना उघडं करून आमच्या अंगावर टाकायचं!"

"खाली बस."

"नाही बसत."

"मग उभी राहून ऐक," उस्ताद म्हणाले. "मला वाटायचं, मी भोक बुजवतो. भोक होतं तिथंच होतं. मी फक्त ते वरच्यांना दिसू दिलं नाही. गाडी बिघडली की उन्हात रुग्ण बसला, पाण्याला तू पळालीस, हात माझे भाजले. ज्यानं गाडी बदलायची, त्याला अकरा वर्षांत एक चटका बसला नाही. परवा ती बाई म्हणाली, तुम्ही आहात म्हणून आम्ही आहोत. पोरी, मी आहे म्हणून ती त्या दगडावर बसली होती! मी एवढा हुशार नसतो, तर नवी गाडी कधीच आली असती, आणि आलेली अशी झाकून ठेवायची कुणाची छाती झाली नसती. तुला हळद शिकवली नाही ती याचसाठी. शिकलीस की तुझीही अकरा वर्षं जातील. तुलाही शाली मिळतील."

 पण शिष्येचे समाधान झाले नव्हते. "हे अकरा वर्षांपूर्वी कळायला काय झालं होतं?"

उस्तादांनी मान खाली घातली. "कौतुक होत होतं," ते म्हणाले.

तिचा राग गेला नाही. जाण्याचे कारणही नव्हते. त्याला फक्त त्याचे खरे दार सापडले.

गुरुवारी सकाळी सात वाजता धुरपदाबाई आली. पाय सुजले होते, दोन पायऱ्या चढून ती धापा टाकत बाकावर बसली. शिष्येने तिला आधार देऊन अधीक्षकांच्या खोलीत आणले.

"गाडी नाही," अधीक्षक म्हणाले. "कालच नापास झाली. खासगी बघा."

"पोर्चमध्ये उभी आहे ती काय आहे, सर?"

"तिचं लोकार्पण रविवारी आहे. जरा समजून घे. मला वर उत्तर द्यावं लागतं."

शिष्येने लॉगबुक त्यांच्यापुढे उघडून ठेवले. "मग एवढंच लिहा. नवी गाडी दवाखान्यात उभी आहे. रुग्ण समोर बसला आहे. रविवारच्या कार्यक्रमामुळे गाडी देता येत नाही. खाली सही आणि वेळ."

"असलं कसं लिहिता येईल?"

"लिहिता येत नाही, ते करता कसं येतं?"

दारातून उस्तादांचा आवाज आला. तो आवाज एवढा चढलेला कुणी कधी ऐकला नव्हता. "साहेब, अकरा वर्षं मी खोटं लिहिलं आणि तुम्ही ते आनंदानं वाचलं. आज तुम्ही एक ओळ खरी लिहा."

अधीक्षकांनी पेन उचलले. धुरपदाबाईला वाटले, कामाचाच काही कागद असेल. ती धापा टाकत, मनापासून म्हणाली, "लिवा सायेब, लिवा. आमी थांबतो."

पेन कागदापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. अधीक्षकांनी एकदा तिच्या पायांकडे पाहिले. मग पेन खाली ठेवून त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि चावी काढून शिष्येच्या हातात दिली.

ताडपत्री निघाली. फितीला कात्री लागली नाही. शिष्येने दार ओढले तशी ती तुटली. धुरपदाबाई वेळेवर पोचली आणि तिला तिचे पूर्ण चार तास मिळाले.

ऊन उतरताना गाडी परत आली. धुरपदाबाईला उतरवताना मागच्या दाराची कडी जरा अडकली. नवीच होती, घट्ट होती. उस्तादांचा हात सवयीने तेलाच्या डबीकडे गेला.

"काही नाही, दोन थेंब टाकतो," ते म्हणाले.

शिष्येने त्यांचे मनगट धरले. दुसऱ्या हाताने लॉगबुक पुढे केले.

"आधी लिहा."

उस्तादांनी क्षणभर तिच्याकडे पाहिले. मग गाडीच्या पायरीवर बसून त्यांनी लिहिले : मागच्या दाराची कडी अडकते. सही केली आणि तेलाची डबी तिच्या हातात दिली.

"आता टाक," ते म्हणाले.

ज्यांच्या सत्काराला आपण दरवर्षी टाळ्या वाजवतो, त्यांच्या गाडीचे बॉनेट आपण एकदा तरी उघडून पाहिले आहे का?