भागाजीचा दोर

ऐका मंडळी, आणि मध्येच "खरं का?" म्हणून विचारू नका. आमच्या खडकमाळावर सडक नव्हती, झाड नव्हतं, तेव्हाची ही हकिकत. वारा मात्र होता. चुलीपुढची भाकरी उचलून नेणारा वारा, असं म्हणतात.

त्या माळावर अकरा ख्रिस्ती घरांनी मातीच्या भिंती घालून प्रार्थनेचं देऊळ बांधलं. वर पाद्रीसाहेबांनी पत्रे दिले. पहिल्या उन्हाळ्यात छप्पर उडून ओढ्यात पडलं. दुसऱ्या उन्हाळ्यात पाटलाच्या वावरात पडलं आणि पाटील पोट धरून हसला. साहेब घोड्यावरून आले. म्हणाले, "पुन्हा उडालं तर पत्रे नदीकाठच्या गावाला देईन. देऊळ तिथं होईल."

बायका रडू लागल्या. गावातल्या देवळाची पायरी त्यांना कुणी चढू देत नव्हतं. हे एक आपलं होतं, तेही चाललं!

तेव्हा भागाजी उठला. घायपात कुटून त्याचा दोर वळायचा, हा त्याचा धंदा, आणि त्यात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. तो म्हणाला, "साहेब, बैल दांडगा निघाला म्हणून विकतो का आपण? वेसण घालतो. छपराला वेसण मी घालतो."

पण दुष्काळाचं साल. घायपात वाळलेलं, दोर अर्ध्यावरच संपला. मग त्याच्या बायकोनं, रूथबाईनं, पाळण्याची दोरी सोडली. "घ्या. पोराला मांडीवर झोपवीन." ते पाहून कुणी बाजेचं सुंभ आणलं, कुणी पोहऱ्याचा दोर. कुणब्यांनी बैलांची दावीसुद्धा दिली. सहा दिवस बैल मोकळे होते, पण एकही गोठ्यातून हलला नाही, असं म्हणतात. मला पटतं बाबा. तुम्ही बैलांना विचारा.

रविवारी भर दुपारी, आत उपासनेचं गाणं चाललेलं. भागाजीनं दोर छपरावरून टाकला, एक टोक खडकाला बांधलं, आणि दुसरं बांधायच्या आत वावटळ आली. त्यानं ते टोक कमरेला गुंडाळलं. छप्पर हातभर उचललं, तसा भागाजीही उचलला गेला. अधांतरी लोंबकळत तो ओरडला, "गाणं थांबवू नका रे!"

पाटील गंमत बघायला आला होता. उभ्या जन्मात त्यानं भागाजीची सावली अंगावर पडू दिली नव्हती. तो धावला आणि त्यानं भागाजीच्या पायांना मिठी मारली. पाटलाला दुसऱ्यानं धरलं, त्याला तिसऱ्यानं. सगळं गाव एकमेकांना धरून उभं! गाण्याची अकरा कडवी झाली, तेव्हा कुठे वारा थकला, असं म्हणतात. पत्रे नदीकाठी गेले नाहीत.

आता देवळावर स्लॅब आहे. तरी ईस्टरनंतरच्या रविवारी, कुठल्याही धर्माचं घर असो, हातभर दोरी घेऊन येतं. सगळ्यांचा मिळून दोर वळतात, देवळावरून टाकतात, एक टोक खडकाला बांधतात. दुसरं बांधत नाहीत. गाणं पुरं होईस्तोवर सगळं गाव ते हातात धरून उभं राहतं.