दारची सकाळ

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती, ते मला विचारू नका. तेव्हा वर्षं मोजायची कुणाला घाई नव्हती.

एका राजाच्या बागेत एक माळी होता. बायको लवकर गेली, तेव्हा एकुलत्या एका लेकीला, सोनकीला, त्याने तळहाताच्या फोडासारखं जपलं. ती मोठी झाली आणि डोंगरापलीकडे सासरी गेली. सासर चांगलं होतं. सासू तर इतकी मायाळू, की तुमचा विश्वास बसायचा नाही.

एके दिवशी मिठाचा तांडा नेणारा नाईक माळ्याच्या दारात थांबला. त्याने विहीणबाईंचा निरोप आणला होता.

"व्याहीबुवा, सोनकीला दिवस गेलेत. पण घशाखाली घास उतरत नाही, पोर वाळत चाललीय. डोहाळे विचारले तर म्हणते, खायला काही नको, मला आमच्या दारची सकाळ पाहायचीय. वैद्यबुवा तिला घाट उतरू देत नाहीत. आता तुम्हीच काहीतरी करा."

कैऱ्या मागितल्या असत्या, तर माळ्याने पाट्या भरून पाठवल्या असत्या. पण सकाळ कुठल्या पाटीत भरायची?

त्याच्या ओसरीवर एक फिरस्ती म्हातारी मुक्कामाला होती. तिने सगळं ऐकलं आणि गाठोड्यातून एक लाकडी पेटी काढली.

"ही उजेडपेटी. झाकण उघडलं की समोरचं जसंच्या तसं काचेवर उमटतं. दोनच काचा उरल्यात, जपून वापर. आणि हिला सकाळचा कोवळा उजेडच मानवतो बरं. दुपारचं ऊन दाखवलंस, तर काच नुसती पांढरी होईल."

"जसंच्या तसं?" माळ्याने विचारलं.

"जसंच्या तसं," म्हातारी म्हणाली आणि आपल्या वाटेने निघून गेली.

आणि इथेच आमचा माळी फसला बघा. त्याने आपल्या दाराकडे पाहिलं, आणि त्याला लाज वाटली. भिंतीवर दरसाल उगवणारा भोपळ्याचा वेल, त्याची पानं किडीने खाल्लेली. सोनकीने लहानपणी आपल्या फाटक्या परकराची चिंधी खुंटीला बांधून तिचा वेलाला आधार दिला होता, ती अजून तशीच लोंबत होती. राजाच्या माळ्याचं दार असं दिसावं? विहीणबाई काय म्हणतील?

त्याने चिंधी सोडली आणि वेल ओढून घरामागे टाकला. राजाच्या बागेतल्या गुलाबाच्या आणि शेवंतीच्या कुंड्या आणून दारात मांडल्या. पिकलेलं पान दिसलं की खुडलं. पाकळ्यांवर पाणीसुद्धा शिंपडलं, दव वाटावं म्हणून. सकाळच्या उजेडात झाकण उघडलं, आणि काचेवर असं देखणं चित्र उमटलं, की तो स्वतःवरच खूश झाला. चित्र नाईकाबरोबर रवाना झालं.

परतीच्या वाटेवर नाईक पुन्हा आला. विहीणबाईंनी सांगितलं होतं, "व्याहीबुवा, चित्र फार सुंदर आहे. पण पोरीने एकदा पाहिलं, विचारलं, हे कुणाचं दार? आणि भिंतीकडे तोंड करून निजली."

माळी तडक घरामागे गेला. वेल मातीत लोळत होता, पण मुळं धरून होता. त्याने तो मुळांसकट हलक्या हाताने उचलला, दारात पुन्हा लावला, भिंतीवर चढवला आणि त्याच चिंधीने बांधला. कुंड्या परत नेऊन ठेवल्या. मग रोज पाणी घालत तो वाट पाहू लागला. कधी धुकं आडवं येई, कधी कळी मिटलेलीच राही. लेकीच्या काळजीने त्याच्याही तोंडची चव गेली होती. पण एकच काच उरली होती, तेव्हा घाई करून चालणार नव्हतं.

शेवटी एका पहाटे मोठं पिवळं फूल उमललं. त्यात एक मधमाशी शिरली. कोवळं ऊन भिंतीवर आलं, आणि किडीने पाडलेल्या भोकातून उजेडाचा ठिपका खाली चिंधीवर पडला. माळ्याने झाकण उघडलं.

काच पाहिली आणि त्याने कपाळाला हात लावला. सूर्य त्याच्या पाठीशी होता. फुलाच्या शेजारी, भिंतीवर, त्याची स्वतःचीच लांबलचक सावली उमटली होती. चित्र बिघडलं, आणि काच तर संपली. काय करणार बिचारा? तेच चित्र त्याने नाईकाच्या हाती दिलं.

डोंगरापलीकडे सोनकीने ते हातात घेतलं. खाल्लेलं पान पाहिलं. चिंधीवरून बोट फिरवलं. मग तिची नजर सावलीवर गेली आणि ती हसायलाच लागली. हसता हसता डोळे भरून आले.

"सासूबाई, बघा ना. आबा अजून पागोटं वाकडंच बांधतात."

तिने डोळे पुसले, चित्र उशाशी ठेवलं आणि म्हणाली, "मला भूक लागलीय. भाकरी आहे का?"

पुढे सोनकीला मुलगी झाली. आजोबा नातीला पाहायला घाट चढून गेले, तेव्हा पागोटं अगदी सरळ बांधून गेले होते. सोनकीने पाया पडून आधी ते वाकडं केलं.

मुलांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: आपल्या माणसाला आपलं सजवलेलं रूप नको असतं, आपण रोज असतो तसेच हवे असतो.