घैसाससरांनी ठेवलेलं नाव

वनस्पतिशास्त्राचे डॉ. घैसास तीस वर्षं एका नव्या वनस्पतीच्या शोधात होते. शेवटी ती त्यांना धनगरवाड्यावरच्या भागूबाई झोरे यांनी दाखवली. साऱ्या सड्यावर, त्या कातळाच्या पठारावर, तिची सातच रोपं उरली होती, तीही एकाच खडकाच्या आडोशाला.

“सायब, एक तरी बियाला ऱ्हाऊ द्या,” भागूबाईंनी हात जोडले.

“तुला शास्त्रातलं काय कळतं?” म्हणत सरांनी सातही मुळासकट उपटली, कागदांत दाबली आणि तिथंच सोबत आणलेल्या विद्यार्थ्यांना शिकवू लागले.

“हिच्या नावात लॅटिन विशेषण घालू, ‘रारा’. मूळ शब्द ‘रारुस’, म्हणजे आधी विरळ, पुढं दुर्मीळ. विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणं बदलतं. वनस्पतीचं नाव स्त्रीलिंगी, म्हणून ‘रारा’. यात चूक काढणारा अजून जन्मायचाय!”

“चूक हाय, सायब.”

विद्यार्थी फिदीफिदी हसले. सर म्हणाले, “बाई, तू लॅटिन कधी शिकलीस?”

“न्हाई शिकले. पर दुर्मीळ ती सकाळपतूर व्हती. आता संपली. संपलेल्याला तुमच्यात काय म्हणत्यात, त्ये लिवा.”

भागूबाईंनी सातही खळग्यांत एकेक मूठ माती टाकली आणि त्या सडा उतरू लागल्या.