ताठ स्प्रिंग आणि लटकलेलं चाक

फार मागची गोष्ट. सकाळी बरोबर सव्वाआठला घाटात सुरू झाली. एका छोट्या मोटारीत रेवती, तिचा नवरा आणि तापाने फणफणलेलं बाळ असे बसले होते. दवाखाना वर होता आणि डॉक्टर नऊला निघून जाणार होते.

त्या मोटारीला पुढचीच चाकं ओढायची. डावीकडच्या चढाच्या वळणावर पुढचं डावं चाक उचललं गेलं आणि हवेत नुसतं गरागरा फिरू लागलं. सगळा जोर त्या फिरण्यातच वाया जाऊन मोटार मागे सरकली.

"अहो, उतरून दगड लावू का?" रेवती घाबरून म्हणाली.

चाक आपल्या डोक्यावरच्या स्प्रिंगवर खेकसलं, "बाई गं, जरा सैल हो! तू अशी ताठ, मग मी जमिनीला टेकू कसं?"

"मी नाही वाकायची. वाकलं की लोक म्हातारी म्हणतात."

मागची स्प्रिंग गादीवर लोळावं तशी पसरली होती. "आम्हाला कसलं काम? आम्ही पाहुण्या!"

तेवढ्यात बाळ कण्हलं.

पुढची स्प्रिंग हळूच सैल झाली. मागच्या स्प्रिंगने कंबर कसून ताठ होत मोटारीचा कल स्वतःवर घेतला. चाकाने डांबर घट्ट धरलं आणि मोटार वळण चढली. मागचं डावं चाक मात्र कुत्र्याच्या तंगडीसारखं वर!

"अरे, माझी लाज गेली!" ते ओरडलं.

"राहू दे रे, तुला कुठे ओढायचंय?" पुढचं चाक हसलं.

दवाखान्याचं दार अजून उघडं होतं.

ज्या घरात ओढणारं एकच आहे, तिथे ही गोष्ट नक्की सांगा. मागे बसलेल्यांना आधी सांगा.